माशी न बसणारं खळं

दिल्लीत आयुष्य काढलेल्या बाईला नातेवाईक हमखास विचारतात, "तिथे तू नेमकं करायचीस काय?" मी सांगते, "मासळी." मग समोरचा माणूस माझ्याकडे दयेने बघतो. दिल्लीला समुद्र नाही, खाडी नाही, यमुना आहे ती असून नसल्यासारखी. तरी सरकारचं मासळीविषयीचं एक छोटं ऑफिस तिथे होतं आणि मी त्यात अनुवादक होते. मराठी, कोकणीतून आलेला मजकूर हिंदीत करायचा, शुद्ध करायचा, आमच्या त्रैमासिकात बसवायचा. आडनाव प्रधान, त्यामुळे अख्खं ऑफिस मला "प्रधानजी" म्हणे. उत्तरेत सरपंचाला प्रधान म्हणतात, तिकडच्या एखाद्या गावात मला कोणी न मागता पाटीलकी दिली असती.

या अंकाच्या संपादकांनी "नोकरीतले गमतीदार अनुभव" मागितले आहेत. गमतीदार आहेत तेवढे आधी सांगून टाकते, कारण पुढे जे सांगायचं आहे ते तसं नाही.

आणीबाणी उठून काही वर्षं झाली होती. आमचे अधिकारी भटनागरसाहेब, स्वतः शुद्ध शाकाहारी, एका सकाळी उत्साहाने आले आणि म्हणाले, "प्रधानजी, सूखी मछली पर विशेषांक निकालेंगे. साइंटिस्ट भी लिखें, कवि भी लिखें." सुक्या मासळीवर संशोधन चालू होतं, पण ते वाचायचे संशोधकच. मासळी सुकवणाऱ्या बायांना कोणी विचारत नव्हतं. साहेबांची कल्पना खरोखर चांगली होती, आजही म्हणते. आम्ही आवाहन छापलं: शोधनिबंध पाठवा, कथा, कविता, आठवणी पाठवा, कुठल्याही किनारी भाषेत पाठवा. ते संशोधन केंद्रांना, शाळांना आणि मच्छीमार सोसायट्यांना धाडलं. त्यात माझ्या हातून एक वाक्य जास्तीचं पडलं: "शक्य असल्यास मासळीचा नमुना सोबत जोडावा."

लोकांनी जोडला! पुढचे तीन महिने आमच्या टपालाला असा वास येत होता की पोस्टमन पिशवी दारात टाकून पळायचा. कर्नाल बाजूच्या एका मराठी गृहस्थांनी, जे दर संक्रांतीला पानिपतच्या काला आंब स्मारकाला जाऊन डोकं टेकवत, बावीस पानी लेख पाठवला. मराठ्यांच्या फौजेबरोबर सुकटीची पोती असती तर पानिपतचा निकाल फिरला असता, असं त्यांचं म्हणणं. कँटोन्मेंटमधल्या एका सुभेदारीणबाईंनी लिहिलं की दर बदलीत त्या सोड्यांचा, म्हणजे सुक्या कोळंबीचा, डबा नवऱ्याच्या युनिफॉर्मच्या ट्रंकेत लपवतात, आणि एकदा परेडला साहेबांनी नाक मुरडून विचारलं होतं, "कौन है ये?" दिल्लीतल्याच मुनिरक्यात खोली घेऊन राहणाऱ्या एका विद्यार्थ्याने बोंबलावर मुक्तछंद पाठवला. तो छंदापेक्षा मुक्त जास्त होता.

आता आमची कामाची पद्धत सांगते, कारण सगळं पाणी तिथेच मुरलं. आलेल्या साहित्याचे दोन भाग व्हायचे. शास्त्रीय विभाग साहेबांकडे, तिथून परीक्षकांकडे. ललित विभाग माझ्याकडे. शास्त्रीय लेखाबरोबरचा नमुना एका छापील फॉर्मवर प्रयोगशाळेत जाई. ओल किती, मीठ किती, वाळू किती, कीड आहे का, हे तिथे बघत. ललित लेखाबरोबरच्या नमुन्यासाठी फॉर्मच नव्हता. कवितेबरोबर आलेल्या बोंबलाची ओल कोण मोजणार? तो नमुना "सोबतची वस्तू" म्हणून माझ्या कपाटात जाई, आणि खरं सांगायचं तर तिथून आमच्या घरी. आम्ही सोड्यांवर वाढलेली माणसं. घरमालक पंजाबी जैन. एखाद्या रविवारी खिडक्या लावून, चार उदबत्त्या पेटवून मी सोड्यांची खिचडी करायची.

अशात हिराबाईंचं पत्र आलं. अलिबागच्या पुढचं एक गाव, नाव मुद्दाम देत नाही. वहीचे चार कागद, अक्षर शाळेत बक्षीस मिळालेलं असावं इतकं सरळ. सुरुवातीलाच लिहिलं होतं, "सासूबाई सांगतात, मी लिहिते. मी त्यांची सून कुंदा, दहावी पास." पत्राखाली हिराबाईंचा अंगठा.

मासळी सुकवायच्या जागेला खळं म्हणतात. शेणाने सारवलेली किंवा वाळूची मोकळी जमीन, तिच्यावर बारीक कोळंबीसारखा जवळा पसरतात, आणि बोंबील बांबूंच्या मधल्या दोरांवर टांगतात. ज्यांनी खळं पाहिलंय त्यांना त्याचा आवाज आठवेल. माश्यांची घोंघों, कावळे, बायांच्या हाका, मांजरांना हाकलणं. हिराबाईंनी लिहिलं होतं:

"आमच्या खळ्यावर आवाज नाही. आधी माशी गेली. आम्ही म्हटलं बरं झालं. मग कावळे बसेनात. वरून येतात, फिरतात, आणि निघून जातात. मांजर कुंपणाशी येतं, उभं राहतं, पाठ वर करून मागे सरतं. जवळा दिवसभर उघडा पडलेला असतो आणि कोणी चोरत नाही. भर दुपारी खळ्यावर बसलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. माझी सून मीठ चोळायचं आणि पसरणीचं काम करते. दोन महिने झाले, तिचे हात थरथरतात. गाव म्हणतं खळं बाधलंय. देवाला कौल लावला, उतारा टाकला. उताऱ्याचा भातसुद्धा तसाच पडून राहिला. तुम्ही मासळीचं शिकलेले लोक. आमच्या खळ्याला काय झालंय ते सांगा. सुनेचे हात बरे होतील का ते पण सांगा. सोबत बोंबील पाठवले आहेत, ते बघा."

मी ते पत्र दोनदा वाचलं आणि अंगावर काटा आला. आणि लाज वाटते लिहायला, पण पहिला विचार मनात आला तो असा: काय कथा आहे!

मी पत्रावर लाल पेन्सिलीने लिहिलं, "ललित". बोंबलांचा पुडा उघडून वास घेतला. चांगल्या सुक्या बोंबलाला मिठाचा आणि उन्हाचा वास असतो. याला वास होता, पण मासळीचा नव्हता, उन्हाळाभर बंद असलेल्या ट्रंकेतल्या लोकरी कपड्यांना येतो तसा. डिसेंबरातलं धुकं होतं, मला सर्दी होती, म्हटलं नाकच बिघडलंय. पण का कोण जाणे, तो पुडा घरी नेला नाही. कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवून दिला.

मग अनुवादाला बसले. माझ्या हिंदीचा मला अभिमान होता, अजून आहे. कुंपणाशी पाठ वर करणारं मांजर मी असं काही उतरवलं की टायपिस्ट मुलीने टाइप करता करता मागे वळून बघितलं. पण शेवट मला खटकला. एवढं वातावरण जमलेलं, आणि बाई एकदम चौकशीचा अर्ज केल्यासारखं विचारते, काय झालंय ते सांगा! कथेचा नूरच जातो. मी ती शेवटची वाक्यं कापली. त्यांच्या जागी माझा शेवट घातला. म्हातारी खळ्यावरून चालत जाते, मागे वळून बघते, तर वाळूत तिची पावलं उमटलेली नाहीत. ती कधीच मेलेली आहे.

भटनागरसाहेबांनी वाचून चष्मा काढला. "वाह प्रधानजी! रोंगटे खड़े हो गए."

मी आठवडाभर हवेत होते.

दीड महिन्याने त्याच गावाहून दुसरं पत्र आलं. पहिलं पत्र मिळालं का, बोंबील बघितले का, उत्तर का नाही. अक्षर आता उताराला लागलेलं, ओळी खाली घसरलेल्या. मी आमचं छापील कार्ड पाठवलं: "आपले साहित्य मिळाले. निवडीबाबत पत्रव्यवहार करू नये." तिसरं पत्र होळीच्या सुमाराला आलं. ते वाचताच येईना. पावसात भिजलेल्या कोंबडीने कागदावर फिरावं तशी अक्षरं. मी कोपऱ्यात "अवाच्य" असा शेरा मारला आणि फाईलला लावलं. एकाच हाताची तीन पत्रं माझ्यासमोर एकाखाली एक होती. अक्षरं तपासण्याचा मला पगार मिळत होता. तरी ती तीन पत्रं मी शेजारी ठेवून बघितली नाहीत.

विशेषांक निघाला. चांगला झाला, लोकांनी कौतुकाची पत्रं लिहिली, त्यातली निम्मी माझ्या भुताच्या गोष्टीवर. नियमाप्रमाणे हिराबाईंना लेखकाची प्रत पाठवली.

मे महिन्यातली दुपार. लाइट गेलेले, कूलर बंद, खिडकीतल्या वाळ्याच्या ताट्या वाळून कडक झालेल्या. अशा दुपारी दिल्लीत रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. ऑफिस अर्धं झोपलेलं. चपराशी आत आला, त्याचा चेहरा काही तरी विचित्र झाला होता.

"मैडम, कोई माताजी आई हैं."

"भेज दो."

तो हलेना. "कहती हैं, आपने उन्हें मार दिया."

दारात एक उंच, काळीसावळी म्हातारी उभी होती. कोळी पद्धतीचं लुगडं, कानात सोन्याच्या वजनाने लोंबलेल्या पाळ्या, डोक्यावर दिल्लीचं ऊन घेऊन आलेली आणि घामाचा टिपूस नाही. माझी नजर आधी खाली, तिच्या पायांकडे गेली. खोटं कशाला बोलू? धुळीने भरलेल्या पायांचे ठसे फरशीवर उमटले होते, तेव्हा कुठे माझा श्वास सुटला.

"मी हिराबाय," ती म्हणाली. "गोष्टीतली."

तिच्या मागून एक पंचविशीची मुलगी आत आली. हात पदरात गुंडाळलेले. तीच कुंदा. मी खुर्च्या दिल्या, माठातलं पाणी दिलं. कुंदाने पेला घेतला नाही, सासूने तिच्या ओठांना लावला.

हिराबाईंचा मुलगा फौजेत होता. आमचा हिंदी अंक त्यानेच आईला वाचून दाखवला होता. त्याला कँटोन्मेंटमध्ये क्वार्टर मिळालं आणि बायकोचे हात दाखवायला त्याने दोघींना बोलावून घेतलं. फौजेचे डॉक्टर हात बघून बघून थकले होते. त्यांनी विचारलं होतं, ही कसल्या औषधात, विषात काम करते का? यांनी सांगितलं, नाही, मासळी आणि मीठ. डॉक्टर म्हणाले, मग आम्हाला सापडेना.

"म्हनून इथे आले," हिराबाई म्हणाल्या. "तुमच्याकडं माझी मासली हाय. ती बघितलीत का?"

मी उठून कपाट उघडलं.

उन्हाळ्यात कपाटातल्या सुक्या मासळीचं काय होतं ते मला ठाऊक होतं. बारीक तपकिरी किडे पडतात आणि दोन महिन्यांत बोंबलाचा भुगा करतात. वरच्या फळीवरचे सगळे पुडे तसेच झाले होते. हात लावला की पीठ. खालच्या फळीवर हिराबाईंचा पुडा. कागद सुटलेला, बोंबील पहिल्या दिवशी होते तसे. भुगा नाही, भोक नाही. आणि त्यांच्या भोवती, वीतभर अंतरावर, मेलेल्या किड्यांचं कडं. शेकडो असतील. वरून खाली उतरून आलेले, मासळीपर्यंत पोचायच्या आत थांबलेले. त्यात दोन झुरळं, एक पाल.

लाइट नसल्यामुळे खोलीत पंख्याचाही आवाज नव्हता. मला माझा श्वास ऐकू आला.

"आमचं खलं असंच हाय," हिराबाई म्हणाल्या.

मी भटनागरसाहेबांकडे धावत गेले. हे प्रयोगशाळेत पाठवायला हवं, आत्ता. ते म्हणाले, "प्रधानजी, यह तो आपकी कहानी वाला सैंपल है. फॉर्म किस पर बनेगा? कहानी और रिसर्च को मिलाइए मत." मी एरवी साहेबांसमोर आवाज चढवणारी नाही. त्या दिवशी चढवला. त्यांचा हात धरून त्यांना कपाटापाशी नेलं. ते वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग खिशातून पेन काढून हिराबाईंच्या पत्रावरचं माझं लाल "ललित" खोडलं, वर "शास्त्रीय" लिहिलं, आणि सही केली.

तीन दिवसांत उत्तर आलं. बोंबलांवरच्या मिठात ढेकणांवर मारायची पावडर होती. सोसायटीचा मीठ आणणारा माणूस पोत्यातच ती मिसळून देत होता. माशी बसू नये, माल स्वच्छ दिसावा, इतकाच त्याचा हेतू. बायांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि कुंदा ते मीठ दिवसभर उघड्या हातांनी चोळत होती.

त्या दिवशी मी आमचा विशेषांक पुन्हा उघडला. शास्त्रीय विभागात एका तरुण संशोधकाचा लेख होता, माशीमुक्त आदर्श खळ्यावर. गावाचं नाव नव्हतं, फक्त "केंद्र क्रमांक तीन". मी फाईल काढून पत्ता बघितला. तेच गाव, तीच सोसायटी. पुढच्या पानांवर तो अभिमानाने सांगत होता की माशी नाही, आणि मागच्या पानांवर हिराबाई सांगत होत्या की आधी माशी गेली, मग कावळे. दोन्हींची प्रुफं मी तपासली होती. अख्ख्या देशात तो लेख आणि ते पत्र, दोन्ही वाचलेली मी एकटीच बाई होते. तो संशोधक नंतर येऊन भेटला. चांगला मुलगा. म्हणाला, "मॅडम, मी माश्या मोजल्या. पोतं उघडून नाही बघितलं." त्याने पोतं उघडलं नाही, मी तर प्रश्नच कापून टाकला होता.

तारा गेल्या, पोत्यांना सील लागलं, बाजारात गेलेला माल जमेल तेवढा परत आणला. प्रयोगशाळेचा कागद मी स्वतः फौजेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी तो वाचला आणि विचारलं, हे डिसेंबरातच का नाही कळलं? मी म्हटलं, माझ्यामुळे. ते म्हणाले, आता औषध देता येईल, काही फरक पडेल, हात पूर्ण बरे होतील की नाही सांगता येत नाही. डिसेंबरपासून दिल्लीला येईपर्यंत, चार-पाच महिने कुंदा त्याच मिठात काम करत राहिली. हे महिने मी तिचे घेतले.

पुढच्या अंकात हे सगळं छापावं असा मी आग्रह धरला. साहेबांना वरून परवानगी मिळाली ती फक्त शुद्धिपत्राची. अमुक पान, अमुक ओळ, याऐवजी हे वाचावे. ठीक आहे म्हटलं. शुद्धिपत्रात मी कापलेली वाक्यं जशीच्या तशी घातली, आणि खाली एक ओळ: "कथेतील स्त्री जिवंत आहे." माझ्या सगळ्या नोकरीत मी लिहिलेलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच असावं. त्याला कौतुकाचं एकही पत्र आलं नाही.

शुद्धिपत्र छापण्याआधी लेखकाची संमती लागते. तो फॉर्म घेऊन मी कँटोन्मेंटमधल्या त्यांच्या क्वार्टरवर गेले. हिराबाई बाहेर मोरीपाशी भांडी घासत होत्या. मी माफी मागितली. तयारी करून गेले होते, तरी मी सरळ रडले. त्यांनी मला रडू दिलं. समजूत घातली नाही.

"जिती होते तवा तीन पत्रं लिवली," त्या म्हणाल्या. "एकाचं उत्तर नाय. तुमी मारलंत, तवा छापलंत."

तिसरं पत्र मी बरोबर नेलं होतं. कुंदाला विचारलं, यात काय लिहिलं होतंस? मला वाचता आलं नाही. तिने कागदाकडे पाहिलंही नाही. तिला पाठ होतं.

"अक्षर असं येतंय त्याबद्दल माफी असावी, असं लिहिलं होतं," ती म्हणाली. "पेन धरवत नाही म्हणून."

हिराबाईंनी फॉर्मवर अंगठा उठवला. खाली दुसरी जागा होती, ज्याने लिहून दिलं त्याच्या सहीची. मी पेन उघडून कुंदाच्या हातात दिलं. तिने दुसऱ्या हाताने मनगट धरलं आणि सही करायला घेतली. एक रेघ कागदावर आली, दुसरी कागदाबाहेर मांडीवर गेली. पेन खाली पडलं. ते उचलून मी पुन्हा तिच्यापुढे केलं, तशी तिने मान हलवली.

तिने शाईच्या पॅडवर अंगठा ठेवला आणि सासूच्या अंगठ्याखाली आपला उठवला.

"मॅडम, बाजूला माझं नाव तुम्ही लिहा," ती म्हणाली. "आहे तसंच लिहा."